व्हायरलच आहे म्हणून सांगितलं

मला डेंग्यू झाला होता. हे एवढंसं वाक्य ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी जिन्यात उभी राहून बोलले असते, तर आज हे लिहायला बसले नसते.

आजारातून उठलेल्या माणसांचे लेख मी आवडीनं वाचते. शेवटी ती माणसं देवाचे, डॉक्टरांचे आणि घरच्यांचे आभार मानतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझा ताप आठवड्यात उतरला, अशक्तपणा महिन्यात गेला. बाकीचं अजून बरं झालेलं नाही.

टब

नल्लकुंट्यातल्या आमच्या इमारतीत मला कुणी नावानं हाक मारत नाही. जामबागच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे सगळ्यांची मी ‘टीचरम्मा’. कुणाला ताप आला, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला, की आधी माझं दार वाजायचं आणि मग लोक दवाखान्यात जायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. मी, आमचे हे आणि मुलगा अनिकेत. आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर विजया राहते. ती ब्लाउज शिवते. तिचा नवरा नरसिंग विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे, मुलगी श्रावणी दहावीत. श्रावणी रोज संध्याकाळी माझ्याकडे विज्ञान शिकायला यायची.

आमचा गणपती शाडूचा असतो आणि विसर्जन घरीच, बाल्कनीत, मोठ्या निळ्या टबात. आपण तलाव घाण करत नाही म्हणून आम्ही स्वतःवर खूशही असतो. यंदा गौरींबरोबर गणपती गेले. दोन दिवसांत माती विरघळली. पाणी झाडांना घालायचं आणि टब पालथा घालायचा, एवढंच काम उरलं होतं. पण माझ्या सासूबाई विसर्जनाच्या जागेवरून मूठभर माती आणायच्या आणि नवरात्रात घट बसवताना धान्याखाली पसरायच्या. मी त्यांच्या वरताण, अख्खा गणपतीच घटासाठी ठेवू लागले. मध्ये पितृपंधरवडा येतो, त्यात या मातीला हात लावायचा नाही हा नियमही माझाच. म्हणून टब पाण्यासकट तसाच, वर ह्यांचं जुनं उपरणं टाकून. ते वाऱ्यानं कधी सरकलं, कुणाचं लक्ष गेलं नाही.

पालिकेकडून यादम्मा यायची. घरोघरी साचलेलं पाणी बघून वहीत लिहायचं, हे तिचं काम. तिनं टब पाहिला.

“अम्मा, ये पानी फेंक दो. मच्छर होते.”

“वो भगवान का पानी है. हाथ नक्को लगाओ.”

“भगवान का है तो मच्छर कू क्या मालूम, अम्मा?”

मी तिला म्हटलं, मैं साइन्स पढाती हूं, मेरेकू मत सिखाओ. तिनं वहीत एक ओळ लिहिली आणि ती खाली उतरली. भर उन्हात आलेल्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

कार्ड

पितृपंधरवड्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उठले ती डोळे फिरवता येईनात. हाडं ठणकत होती. ताप एकशे तीन. दुसऱ्या दिवशी ह्यांनी आणि अनिकेतनं मला एका नर्सिंग होममध्ये नेलं. बोटाएवढ्या कार्डावर रक्ताचे थेंब टाकले आणि वीस मिनिटांत दोन रेघा उमटल्या.

डॉक्टर तरुण होता, बोलायला अदबशीर. म्हणाला, “मॅडम, डेंगू है. अब दूसरा सॅम्पल सरकारी लॅब को जाता, और आपका ॲड्रेस पालिका को. रूल है. वो लोग घर आके आजूबाजू का पानी चेक करते, धुआं मारते, पडोस में किसी को बुखार है क्या पूछते.”

ह्यांचा चेहरा पडला. नवरात्रातल्या पाचव्या माळेला आमच्या अनिकेतचा साखरपुडा ठरला होता. नांदेडची माणसं घरी यायची होती.

“अगं, दारात धुराचं मशीन घेऊन माणसं उभी राहिली, सगळ्या गल्लीत बोभाटा झाला, तर व्याही काय म्हणतील?” हे माझ्या कानाशी पुटपुटले.

लोक म्हणतात, नवऱ्यानं अडवलं असेल. नाही. मला तोवर निळा टब आठवला होता. धुरावाले वर आले की बाल्कनीत जाणार, यादम्मा वही उघडणार, आणि विज्ञानाच्या बाईंच्या घरात काय निघालं ते गल्लीभर होणार. डॉक्टरला विचारलं ते मीच. “दूसरा टेस्ट नहीं किए तो इलाज बदलता क्या?”

“इलाज वहीच है.”

“फिर रहने दो.”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. बाहेर रांग होती. त्यानं केसपेपरवर ‘व्हायरल फीवर’ लिहिलं. नियम गुंडाळून ठेवायला तीन शहाणी माणसं लागली आणि तिघांची मिळून दोन मिनिटं गेली.

वॉर्ड

पाच दिवस दाखल होते. सकाळी सहाला रक्त काढायला यायचे. नऊला प्लेटलेटचा आकडा यायचा आणि तो अनिकेत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. औरंगाबादहून एक चुलत जाऊ रोज पपईच्या पानांचा व्हिडिओ पाठवायची. आकडा कमी झाला की सगळे गप्प, दहा हजार वाढला की हात जोडल्याची चित्रं. आजारी मी होते आणि आकड्याची काळजी सगळ्यांना होती.

तिसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. आरशात स्वतःचे लाल दात पाहिले आणि पहिल्यांदा वाटलं की आपण मरू शकतो. मी खूप घाबरले. हे बाजूच्या खुर्चीत बसून केटरिंगवाल्याशी पुरणपोळी की गुलाबजाम यावर बोलत होते. मी त्यांना हाक मारली नाही, कारण घाबरलेली दिसायची मला सवय नाही.

एकच गोष्ट गोड लक्षात राहिली. वॉर्डातली आया, वय माझ्याएवढंच. तिनं न सांगता माझ्या केसांचा गुंता सोडवून वेणी घालून दिली. तेल नव्हतं म्हणून बोटं पाण्यात बुडवून घेतली. त्या पाच दिवसांत मला माणसासारखं कुणी हात लावला असेल तर तिनं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, “मॅडम, दो बात याद रखो. बुखार उतरता ना, उसके बाद के दो दिन सबसे खतरनाक. और दर्द की गोली, दर्द की सुई, बिलकुल नहीं. ब्लीडिंग हो सकती.”

मी मान हलवली. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. दोन्ही वाक्यं शब्दाशब्दांनी लक्षात राहिली.

जावा

घरी आल्यापासून विजया रोज सकाळी नाचणीची जावा घेऊन वर यायची. पेजेसारखी पातळ, ताक आणि कांदा घातलेली. मी पिऊन होईपर्यंत बसायची, जाताना माझ्या चादरी धुवायला न्यायची.

“क्या बोले डॉक्टर?”

“वायरल बोले.”

“सच्ची? सब जगा डेंगूच चल रा.”

“नहीं, वायरलच है. रिपोर्ट में लिखे हैं. दिखाऊं?”

“रिपोर्ट काइकू, टीचरम्मा. आप बोले तो बस.”

मी जावा प्यायले. चवीला छान होती.

घट

घटस्थापनेच्या सकाळी मी भिंत धरत धरत बाल्कनीत गेले. उपरणं टबाच्या एका बाजूला लोंबत होतं. तळाशी शाडूची माती बसली होती, वर पाणी निवळशंख, आणि त्या पाण्यात शेकडो अळ्या वळवळत होत्या. डोकं खाली, शेपूट वर. ही आकृती मी एकतीस वर्षं फळ्यावर काढलेली. अंडी, अळी, कोष, डास. चार अवस्था, चार गुण. काही कोषांची रिकामी टरफलं वर तरंगत होती. म्हणजे त्यांतले उडून गेले होते.

मी ह्यांना हाक मारली नाही. पाणी तांब्यातांब्यानं कुंड्यांत ओतलं, टब पालथा घातला, माती वाळवून घटाखाली पसरली आणि त्यावर धान्य पेरलं. देवापुढे दिवा लावला. खाली जाऊन विजयाला सांगावं, दारं-खिडक्या बंद ठेव, पोरीला अंगभर कपडे घाल, कुणाला ताप आला तर तपासून घे, हे सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण मग तिनं विचारलं असतं, काइकू?

सुई

दुसऱ्या माळेला श्रावणी शिकायला आली नाही. तिसऱ्या माळेला सकाळी दारात उभी राहून म्हणाली, “टीचरम्मा, अम्मा को कल से बुखार है. बदन बहुत दुख रा. नुक्कड के क्लिनिक में सुई लगा के आई.”

“कौनसी सुई?”

“दर्द की. अम्माच बोली उनको, ऊपर टीचरम्मा को भी वायरल था, मेरेकू भी वहीच है, सुई लगा दो, ब्लाउज देने हैं.”

दसऱ्याचे ब्लाउज. तिच्या मशीनजवळ ढीग पडला होता, त्यात मला साखरपुड्यात घालायचा एक होता.

मी श्रावणीला म्हटलं, अब सुई मत लगाना, पॅरासिटामॉल दो, पानी पिलाओ. एवढं सांगितलं आणि पुष्कळ सांगितलं असं स्वतःला पटवलं. डेंगू हा शब्द तोंडातून निघाला नाही. साखरपुड्याला दोन दिवस राहिले होते. दोन दिवसांनी सांगू, पाहुणे एकदा गेले की सांगू, असा माझा हिशेब.

पाचवी माळ

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दहाला श्रावणी माझा ब्लाउज घेऊन आली. आईनं बसून पुरा केला होता. पोरीच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“अम्मा का बुखार उतर गया, टीचरम्मा. एकदम ठंडी है.”

मी ब्लाउज हातात घेतला. डॉक्टरचं वाक्य कानात जसंच्या तसं वाजलं. त्याच क्षणी खाली नांदेडच्या दोन गाड्या थांबल्या आणि हे जिन्यावरून ओरडले, “अगं, ओवाळायचं तबक आण.”

मी तबक आणलं.

अकराला विधी झाला. अनिकेतनं अंगठी घातली, फोनवर सनई लावली होती. व्याह्यांना पुरणपोळी आवडली. मी पंक्तीत वाढत होते आणि मनात म्हणत होते, ही पंगत उठू दे, आता ही दुसरी उठू दे. दुपारी पावणेतीनला पानसुपारी देऊन मी खाली गेले.

दार सताड उघडं होतं. नरसिंग विजयाला उचलून रिक्षात बसवत होता. तिच्या नाकाला धरलेला रुमाल लाल झाला होता. हात लावला तर ती बर्फासारखी गार आणि घामानं ओली. श्रावणी पिशवी धरून नुसती उभी होती.

“नरसिंग, वहां जाके बोलो डेंगू होगा बोलके. दर्द की सुई लगी है, वो भी बोलो.”

तो क्षणभर थांबला. “आपको कैसा मालूम?”

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. रिक्षा निघाली. वर सनई अजून चालू होती.

रजिस्टर

ती ज्या सरकारी दवाखान्यात गेली तिथे कुणी पेशंटला विचारत बसत नाही की पत्ता कळवू का. दुसरी टेस्ट केली आणि त्याच दिवशी कळवलं. पुढच्या सकाळी यादम्मा आली, बरोबर तिचा साहेब आणि धुराचं मशीन. व्याही आदल्या संध्याकाळीच गेले होते.

सगळ्यांना खाली अंगणात बोलावलं. नरसिंग रात्रभर दवाखान्यात बसून कपडे बदलायला आला होता. त्याचे डोळे सुजले होते. विजया आयसीयूत होती, चोवीस तास काही सांगता येणार नाही म्हणाले होते.

साहेबानं रजिस्टर उघडलं. “इस बिल्डिंग में पिछले महीने में और किसी को बुखार आया था क्या?”

हे म्हणाले, “नहीं साब. ऐसा कुछ नहीं.”

यादम्मा माझ्याकडे बघत होती. वर जाऊन तिनं बाल्कनी पाहिली होती. पालथा टब, कडेनं पांढरी मातीची रेघ.

“मेरेको आया था,” मी म्हटलं. “डेंगू था. कार्ड पे आया था. मैं छुपाई. मेरे टब में कीडे थे, वो भी मैं देखी और छुपाई.”

ह्यांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. नरसिंग माझ्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, “कब से मालूम था?”

“पहले दिन से.”

तो घरात गेला, शर्ट बदलला आणि श्रावणीला घेऊन दवाखान्यात निघून गेला.

साहेबानं माझी फाइल मागितली. मी वरून आणून दिली. त्यानं पान उलटलं, पुन्हा उलटलं. “अम्मा, इसमें तो वायरल लिखा है. लॅब का रिपोर्ट नहीं है. मैं नहीं लिख सकता.”

“मैं बोल रही हूं ना.”

“बोलने से नहीं होता अम्मा. कागज होना.”

त्याचं बरोबर होतं. सरकारी कागदांप्रमाणे मला डेंग्यू झालाच नाही. आमच्या इमारतीत पहिली पेशंट विजया आणि तिच्या आधी कुणी नाही, असं त्या रजिस्टरमध्ये लिहिलं आहे. माझं नाव घाला म्हणून मी हात जोडले, तरी घालता येत नव्हतं.

नंतर

विजया जगली. हे आधीच सांगायला हवं होतं, पण ती आयसीयूत होती त्या चार दिवसांत मला ते माहीत नव्हतं, तर तुम्हाला तरी आधी का कळावं. चौदा दिवसांनी घरी आली. केस मूठमूठ गळतात, मशीनवर बसलं की हात कापतात, दिवाळीचे ब्लाउज तिनं परत केले. हे मला गल्लीतल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं.

घरात हे आणि मी कामापुरतं बोलतो. त्यांचं म्हणणं, सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती. माझं म्हणणं, सगळ्यांसमोर न सांगायचीच सवय झाली होती. अनिकेतनं मग नांदेडला स्वतःच फोन करून काय झालं ते सांगितलं. तिकडून व्याही म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं. आमच्या गल्लीत तर दर घरात एक होता यंदा. आम्हाला आधी बोलायचं ना, तारीख पुढे ढकलली असती.”

ज्यांच्यापासून लपवलं त्यांना काहीच वाटलं नाही. मी हसले आणि मग बराच वेळ रडले.

तुम्ही हे वाचत असाल आणि घरात कुणाचं कार्ड दोन रेघांचं आलं असेल, तर डॉक्टरला सांगा की कळवा. तो टाळत असेल तर तुम्ही कळवा. ताप तुमचा असला तरी तुमचा पत्ता एकट्या तुमचा नसतो, खाली-वर माणसं राहतात. आणि शेजारीण विचारेल तेव्हा आजाराचं नाव सांगा. एवढंच मला ठाऊक आहे आणि ते मी कुठल्याही पुस्तकातून शिकलेले नाही. पुस्तकातलं मला आधीपासून येत होतं.

श्रावणी आता विद्यानगरला क्लासला जाते. बोर्डाचं वर्ष आहे. मी विचारलं नाही.

परवा विजया जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, पायाशी पाण्याची बादली. धाप लागली होती. मी खाली उतरत होते. तिच्या घोट्यांवर सूज दिसली. मी वाकून पाहिलं. सवयच ती.

“विजया, पैर सूजे हैं तेरे. नमक कम खा, और पैर ऊपर रख के लेट. कल मेरे पास आ, मैं देखती.”

तिनं साडी हलकेच ओढून घोटे झाकले. आवाजात राग नव्हता, मी कान देऊन ऐकलं, नव्हताच.

“नक्को टीचरम्मा,” ती म्हणाली, “मैं डॉक्टर को पूछ लेती.”

मग दोन्ही हातांनी बादली उचलली आणि आत गेली.